जकातदाराच्या पंक्तीस

ता. १५ फेब्रुवारी १८८५, रविवार. ठाणे.

आज पाळक त्र्यंबकराव यांनी मंडळीच्या शुद्धतेवर उपदेश केला. ख्रिस्ताची मंडळी ही त्याची नवरी, तिच्यावर डाग नको, सुरकुती नको, असे म्हणाले. मी ख्रिस्तमंदिरात पुढच्या सतरंजीवर होतो. माझ्या उपरण्यावर तेलाचा डाग होता तो मांडीखाली दाबून बसलो. सुरकुत्यांचे काय करणार? या वयात त्या दाबायच्या कुठे?

उपदेश झाल्यावर मी विचारले, "उपरण्यावर डाग पडला तर मी धुतो. मंडळीवर पडला तर कोणी धुवायचा?"

त्र्यंबकराव म्हणाले, "ज्याने तिला विकत घेतली तो धुईल, नाथाबाबा."

हरिहरपंत म्हणाले, "आणि तोवर आपण वडिलांनी डोळे उघडे ठेवायचे."

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, आम्ही तिघे. त्र्यंबकराव पाळक. हरिहरपंत कचेरीतले कारकून, जन्माने ब्राह्मण, शास्त्र तोंडपाठ. आणि मी, मिठागरावर जन्म काढलेला आगरी. अक्षरे शिकलो ती चाळिशी उलटल्यावर. मला वडील का केले ते अजून कळलेले नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे आणि डोळे उघडे ठेवायचे काम माझ्याकडे.

काळुराम आला नव्हता. त्याची आई शहाडला फार आजारी आहे. ती आपल्या मताची नाही, जुन्या देवाचीच आहे. तिच्यासाठी प्रार्थना झाली.

ता. २६ फेब्रुवारी, गुरुवार.

वाईट झाले. काळुराम आईचा दहावा करून आला. डोके गुळगुळीत, मिशाही नाहीत. कोणी चहाडी करण्याआधी स्वतःच त्र्यंबकरावांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळे सांगितले. खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन प्रेताभोवती फिरला, ते फोडले, दहाव्याला पिंडही ठेवला. आणि हा बाप्तिस्मा घेतलेला माणूस, आमच्याबरोबर प्रभूच्या मेजावर बसणारा!

प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून आम्ही सगळे पितो. त्याच्या हातून तो प्याला फिरला तर पुढच्यांचे काय?

काळुराम जन्माने महार. मंडळीत असे बोलायचे नसते, बाप्तिस्म्यात ते सगळे बुडाले. मीही बोलत नाही. माझी जागा पहिल्यापासून प्याला सुरू होतो तिथे आहे, कारण मी वयाने मोठा.

ता. १ मार्च, रविवार.

आम्हा तिघांची बैठक झाली. हरिहरपंतांनी रीत सांगितली. प्रभूने स्वतः घालून दिलेली आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगायचे. नाही ऐकले तर दुसरा साक्षीदार घेऊन जायचे. तरी नाही ऐकले तर मंडळीपुढे ठेवायचे.

"पहिल्यांदा कोण जाणार?" त्र्यंबकरावांनी विचारले.

हरिहरपंत माझ्याकडे बघून म्हणाले, "नाथाजींनी जावे. काळुराम त्यांना मानतो. त्यांची कौले तोच शाकारून देतो."

कौलांचा यात काय संबंध? पण मी नको म्हणू शकलो नाही.

ता. ४ मार्च, बुधवार.

खोपटला जाऊन आलो. काळुराम रुळांवरच्या टोळीत कामाला असतो, त्याची सुट्टी व्हायची वाट पाहत त्याच्या ओट्यावर बसलो. सगुणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लोटा आणून ठेवला. मी नुकताच पाणी पिऊन निघालो होतो.

काळुराम आला. हातपाय धुऊन खाली बसला. मी पाठ करून गेलेले सगळे विसरलो.

म्हटले, "अरे, कसं झालं हे?"

"कसं झालं म्हंजे? आई सकाळच्या पारी गेली. मी पोचलो तर भावकी झाडाखाली बसलेली. कोन उठंना. म्हनले, आधी डोई कर, मडकं घे, मग उचलू. मी म्हटलं, मी ख्रिस्ती हाय. म्हनले, मग तुझ्या पाद्रीला बोलव उचलाया."

"मग?"

"मग काय, बसलो. ऊन चढलं. तिच्या तोंडावर माशा बसत व्हत्या, बाबा. मी तिच्याच पदरानं वारत व्हतो. किती येळ वारनार? म्हटलं, आना ते मडकं."

शेवटी माझे काम केले. "पस्तावलो म्हण, काळू. मंडळीपुढे एवढा एक शब्द म्हटलास की सगळं मिटतं."

"तुमा सगल्यांना तरास झाला त्याचा पस्तावा हाय मना. दहाव्याला बसलो तो भावकीच्या भीडेनं बसलो, त्याचापन हाय. पन आईला उचलली त्याचा नाय."

"अरे, मनात असो नसो. तोंडानं म्हण."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही चोरून नेतो आहे. म्हणाला, "खोटं बोलून आत बसू का, बाबा?"

सगुणा आतून म्हणाली, "अवो, म्हना की! एवढी म्हातारी मानसं सांगतात."

"तू भाकरीकडं बघ," तो म्हणाला.

मी उठलो.

ता. ५ मार्च, गुरुवार.

उपरणे दोनदा धुतले. डाग फिका झाला पण गेला नाही. रिठ्याने जाईल म्हणतात.

काल मी मंडळी शुद्ध राहावी म्हणून गेलो आणि त्याला खोटे बोल म्हणून सांगून आलो. हे माझ्या ध्यानात आज सकाळी दात घासताना आले. पण तसा माझा हेतू नव्हता. हेतू चांगला होता.

माझा मुलगा भिवा माजिवड्याला आहे. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून माझ्या उंबऱ्यावर आलेला नाही. मी मेलो तर येईल का? आला आणि खांदा दिला तर त्याची भावकी त्याला काय शिक्षा देईल? हे मी त्र्यंबकरावांना विचारणार होतो. मग वाटले, ते म्हणतील की विषय काळुरामचा चालला आहे.

ता. ११ मार्च, बुधवार.

आज हरिहरपंतांना घेऊन गेलो. त्यांनी चांगले समजावले, रागावले नाहीत. मूर्तिपूजा म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, नव्याने आलेल्या माणसांनी तुझ्याकडे बघून काय शिकायचे. काळुराम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं सगलं बरोबर हाय, पंत. मना फकस्त खोटं सांगता येत नाय." पुन्हा तेच.

परत येताना तलावाच्या काठाला हरिहरपंत थांबले. मला वाटले त्यांना दम लागला. म्हणाले, "नाथाजी, मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माझ्या वडिलांनी माझे श्राद्ध घातले. मी जिवंत असताना. गावात मेलो म्हणून आंघोळ केली. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मी म्हटले. सगळ्यांना ठाऊक आहे.

"ते वारले तेव्हा निरोप आला होता. कल्याणच होते, किती लांब! मुलगा मी एकटा. प्रायश्चित्त घे आणि अग्नी दे, म्हणाले. मी गेलो नाही. दार लावून प्रार्थना करीत बसलो. चुलतभावाने अग्नी दिला." मग म्हणाले, "काळुरामने केले ते चालत असेल, तर मग मी केले ते काय होते?"

मी म्हटले, "तुम्ही शास्त्राप्रमाणे केलेत."

"होय," ते म्हणाले. "तेच म्हणतो मी."

त्यांना कठोर म्हणतात ते खरे आहे. पण बिचारे चालता चालता डोळे पुशीत होते. तलावावर वारा होता.

ता. १९ मार्च, गुरुवार.

रविवारी मंडळीपुढे ठेवायचे ठरले.

मिठागरावर मीठ ओढताना दांडी हलकी धरावी लागते. खोल गेली की तळाचा चिखल वर येतो आणि सगळे मीठ काळे होते. फार हलकी धरली तर अर्धे मीठ तळाला राहून जाते. आम्ही हाताने जाणत होतो, किती. शुद्ध पांढरे मीठ कधी निघत नसे, थोडी माती असायचीच. शेटजी म्हणायचे, "ही खातो कोण रे?" आणि लोक खायचेच. हे मंडळीला लागू पडते की नाही ते मला ठरवता येत नाही. हरिहरपंतांना सांगितले तर म्हणाले, "दृष्टांत कळला, नाथाजी. पण मीठ आपण होऊन पिंड ठेवायला जात नाही."

ता. २२ मार्च, रविवार.

झाले.

उपासना संपल्यावर लहान मुलांना बाहेर पाठवले. त्र्यंबकरावांनी सगळे वाचून दाखवले, आवाज बसलेला होता. काळुराम मागे भिंतीला टेकून उभा होता. डोक्यावर काळे खुंट आले आहेत. विचारले, "पश्चात्ताप आहे?" त्याने मला सांगितले तेच सगळ्यांना सांगितले, तेवढेच, एक शब्द जास्त नाही.

बायकांच्या बाजूने हौसाबाई उठल्या. सत्तरीच्या आहेत, कोणाला भीत नाहीत. म्हणाल्या, "आई उचलली म्हणून पोराला काढता? मग न उचलणारे कुठे बसतात, मंदिरातच ना?" हरिहरपंतांचा चेहरा पांढरा पडला. हौसाबाईंना ती गोष्ट ठाऊक असणार, त्यांनी मुद्दाम म्हटले की सहज, कोण जाणे. त्र्यंबकराव म्हणाले, "हौसाबाई, बसा." त्या बसल्या, पण तोंड चालूच होते.

मग ज्यांना काळुरामला मंडळीबाहेर ठेवावे असे वाटते त्यांनी हात वर करावेत असे सांगितले. हरिहरपंतांचा पहिला. मी इकडेतिकडे पाहिले. एक डाग सगळ्या नवरीला लागेल, असे माझ्या मनात आले. माझा हात वर होता. केव्हा गेला ते कळले नाही, पण गेला खरा.

काळुराम म्हणाला, "जातो. पन रविवारचा भायेर पडवीत बसलो तर चालंल का? गानं आयकू येतं तिथं."

त्र्यंबकराव म्हणाले, "चालेल." मग ते पाठ वळवून पुस्तके आवरू लागले. दोन पुस्तके होती, ती फार वेळ आवरत होते.

ता. २३ मार्च, सोमवार.

मंडळीचेही जो ऐकत नाही त्याला परका समजा, जकातदारासारखा समजा, असे प्रभूचे सांगणे आहे. काल त्र्यंबकरावांनी शेवटी तेच वाचले. परका कळले. जकातदार हा शब्द डोक्यातून जात नाही.

जकातवाले मी जन्मभर पाहिले. मिठाच्या गोणीत सळई खुपसून बघायचे ते. आमच्या बायका त्यांना पाणी देत नसत. नाक्यावरचा शिपाई मेला तेव्हा त्याच्या मातीला आगरातला कोणी गेला नाही. म्हणजे काळुरामला तसे वागवायचे. वाटेत भेटला तर तोंड फिरवायचे. आज मी तळ्याकडून गेलोच नाही, न जाणो भेटला तर.

ता. २५ मार्च, बुधवार.

एक पेच पडला म्हणून त्र्यंबकरावांकडे गेलो. ते अंगणात पोराची पाटी पुशीत बसले होते.

मी म्हटले, "शिष्य मत्तय जकातनाक्यावरचाच होता ना? प्रभूने त्याला नाक्यावरून उठवले."

"होय."

"आणि तो झाडावर चढून बसलेला बुटका, तोही जकातदार?"

"तोही."

"मग प्रभू जकातदारांशी वागत कसे?"

त्यांनी पाटी खाली ठेवली. म्हणाले, "त्यांच्या घरी जेवायला जात, नाथाबाबा. त्यावरूनच लोक त्यांना बोल लावीत."

मी म्हटले, "मग आपल्याला जो हुकूम आहे, जकातदारासारखा समजा, तो काय? तोंड फिरवा असा, की जेवायला जा असा?"

"प्रेषित पौल म्हणतो, अशा भावाच्या पंक्तीस बसू नका. हरिहरपंत तेच दाखवतील."

"आणि प्रभू?"

"प्रभू बसत."

"मग करायचे काय?"

त्र्यंबकराव हसले, पण हसण्यासारखे काही नव्हते. "रविवारपासून मला हेच खाते आहे. तुम्हाला काही सुचले तर मला येऊन सांगा."

पाळकाने असे बोलावे? मी अर्धवट शिकलेला माणूस, मी काय सांगणार?

ता. ५ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार.

प्रभुभोजन झाले. मंदिराला चुना काढला होता, फार स्वच्छ दिसत होते. काळुराम आणि सगुणा बाहेर पडवीत. सगुणाला कोणी काढलेले नाही, पण ती त्याच्याजवळच बसली. भाकर मोडली तेव्हा सगळे गप्प होते, आणि त्या शांततेत बाहेरून त्याचा खोकला ऐकू आला. मी पहिला प्यालो. प्याला पुढे गेला. आता त्यात काही भिण्यासारखे नव्हते, सगळे शुद्ध होते.

घरी येताना सारखे वाटत होते की माझ्यावर एक आज्ञा बाकी आहे. आज्ञा ऐकली आणि पाळली नाही, हा तर सगळ्यात मोठा डाग. मेल्यावर प्रभूने विचारले, तुला जकातदार दाखवला होता, तू काय केलेस, तर मी काय सांगू? हात वर केला म्हणून?

पौल मोठा आहे, पण तो प्रभूचा चाकर. चाकर एक सांगतो आणि धनी दुसरे करतो, तर मिठागरावर आम्ही धन्याकडे बघत असू. मी चुकत असेन तर देव मला क्षमा करो.

ता. ७ एप्रिल, मंगळवार.

संध्याकाळी खोपटला गेलो. काळुराम ओट्यावर विळ्याला धार लावीत होता. उठला.

"काय बाबा, आता आनिक काय उरलं?"

मी म्हटले, "जेवायला आलोय."

सगुणा आतून बाहेर आली ती तशीच उभी राहिली. "आमच्याकडं?"

"हो, तुमच्याकडं. काय असेल ते."

तिने घाईघाईने सारवलेल्या जागेवर पुन्हा फडके फिरवले. काळुरामने पाट मांडला. तांदळाची भाकरी, सुकट, चिंचेचे सार. मी प्रार्थना केली, ती लांबली, कारण शेवट केला की घास उचलावा लागणार होता.

काळुराम एकाएकी हसायला लागला. "बाबा, राग नका धरू. मी आत व्हतो तवा तुमी आमच्या घरचं पानी पन नाय घेतलंत कदी. भायेर टाकलंत नि भाकर खायाला आलात!"

"गप्प बसा वो," सगुणा म्हणाली, पण तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

मला राग आला. म्हटले, "तुला जकातदार ठरवलंय. त्यांच्याकडे जेवायची आज्ञा आहे. म्हणून आलोय."

"जकातदार? मी?" त्याला फारच हसू आले. "रुळाखाली खडी घालनारा जकातदार! वाढ गं, सगुने, बाबांना सुकट वाढ. जकात घे त्यांच्याकडनं."

सुकट चांगली होती. दुसऱ्यांदा घेतली.

घरी आल्यावर विचार केला. तो म्हणाला ते खरे आहे, मी तिथे कधी पाणी घेतले नाही. प्रत्येक वेळी काही ना काही कारण असायचे. सगळी कारणे आठवून पाहिली. ती एवढी कशी, ते मला सांगता येत नाही.

ता. १० एप्रिल, शुक्रवार.

हरिहरपंत आले. एकटेच. आत आल्यावर दार लोटून घेतले. मी ओळखले, ही पहिली पायरी. आता भाऊ चुकलेला मी.

"नाथाजी, तुम्ही त्याच्या पंक्तीस बसलात असे कानावर आले."

"बसलो."

"पौलाचे वचन ठाऊक असून?"

"ठाऊक असून." आणि मी त्यांना मत्तयाचे, झाडावरच्या बुटक्याचे सगळे सांगितले. मध्येच अडखळलो, घोटाळा केला. त्यांनी मला मध्ये थांबवले नाही, हे नवल. एरवी ते माझी वचने दुरुस्त करतात.

मग विचारले, "पश्चात्ताप आहे?"

मी फार शोधला. त्या रात्री दुखलेल्या पोटाचा होता, सुकट दोनदा घेतल्याचा. म्हटले, "पंत, तुम्हाला त्रास झाला त्याचा आहे. जेवलो त्याचा सापडत नाही." आणि तोंडातून निघून गेल्यावर ध्यानात आले की अगदी असेच कोणी बोलल्याबद्दल मी हात वर केला होता.

मला वाटले आता दुसऱ्या साक्षीदाराचे बोलतील. त्यांनी विचारले, "तो आईविषयी काही बोलला?"

"माशांचं बोलला होता. मागे."

"आणि उचलली तेव्हाचे? जड होती का ती?"

हा कसला प्रश्न? शास्त्रातला तर नव्हे. मी म्हटले, "मी नाही विचारलं. तुम्ही विचारा."

"मी कसा विचारू? मी तर त्याला बाहेर काढला."

"मीही काढला," मी म्हटले. "तरी वाढतात."

ते उठले, पागोटे नीट केले, दाराशी जाऊन पुन्हा आले. म्हणाले, "पंक्तीस मी बसणार नाही. माझ्या बुद्धीला ते पटत नाही. पण ओट्यावर बसेन. बोलायला. उद्या कचेरी सुटल्यावर तुम्ही बरोबर याल का?"

मी हो म्हटले. आता काळजी लागली आहे. हरिहरपंत आणि मी, आम्ही दोघे वडील, आणि तो बाहेर काढलेला, तिघे एका ओट्यावर बसणार. त्या वेळी मंडळी कुठे आहे असे कोणी विचारले तर काय सांगायचे, हे त्र्यंबकरावांना विचारून ठेवायला हवे.

तूर्त सगुणाला निरोप धाडला की उद्या दोन भाकऱ्या जास्त थाप. ओट्यावर बसलेल्या माणसालाही भूक लागते.